बेकरी बंद केली, तर विश्वास कमी पडला असं होतं का?

प्रश्न: वसईच्या पश्चिम पट्ट्यात आमची बेकरी आहे, ११ वर्षं झाली. गाळा स्वतःचा आहे. मिस्टर आणि तीन कामगार भट्टी सांभाळतात, मी काउंटर आणि केकच्या ऑर्डरी बघते. महिन्याला साधारण ३,६०,००० ची विक्री होते, तरी हातात काही राहत नाही. मशीनसाठी घेतलेलं बँकेचं कर्ज ६,४०,००० बाकी आहे, हप्ता २२,५००. त्यात दीर जामीनदार आहेत. दागिन्यांवर ३,५०,००० काढलेत, दिरांचे हातउसने १ लाख आहेत. हॉटेलं आणि दुकानांकडे १,४०,००० उधारी अडकलीय, त्यातले ६२,००० एकाच हॉटेलचे, चार महिन्यांचे. मिस्टर म्हणतात, ही बेकरी प्रार्थनेतून मिळाली, फादरांनी भट्टीला आशीर्वाद दिलाय, ती बंद करणं म्हणजे देवावर विश्वास नसणं. प्रार्थना गटातल्या एकांनी सुचवलं की २५,००० चं ‘बीज’ अर्पण करा, देव दसपटीने देईल. मला रात्र रात्र झोप नाही. आम्ही चालू ठेवावं की थांबावं?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. धंदा परवडतो का, हा एक. आणि तो बंद केला तर देवापुढे आपण कमी पडतो का, हा दुसरा. दुसऱ्याची भीती बसलीय म्हणून पहिल्याकडे नीट बघणंच होत नाही. त्यामुळे आधी दुसरा घेऊ.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया तुम्हाला नव्याने सांगायला नकोत. १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झाले, १८६२ साली संत म्हणून घोषित झाले. फ्रान्सिस्कन धर्मबंधू होण्याआधी ते व्यापारी होते आणि त्यांचा व्यापार चांगला चालला होता. तो चालता व्यापार त्यांनी सोडला. तुमचं कारण वेगळं आहे, पण एवढं तरी यातून दिसतं की दुकान उघडं असणं ही श्रद्धेची खूण नाही आणि ते मिटणं ही श्रद्धा आटल्याची खूण नाही. फादरांनी भट्टीवर आशीर्वाद मागितला तो तिथे राबणाऱ्या माणसांसाठी आणि त्यांच्या कष्टासाठी. भट्टी विकली म्हणून तो मागे घेतला जात नाही.

मिस्टरांशी बोलताना लूकच्या शुभवर्तमानातला १३ वा अध्याय उघडा. तीन वर्षं फळ न देणारं अंजिराचं झाड मालक तोडायला सांगतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. फळ आलं तर ठीक, नाहीतर तोडा. माळी नुसती मुदत मागत नाही. त्या मुदतीत काय करणार ते सांगतो, आणि मुदत संपल्यावर तोडायलाही तयार असतो. तुम्हाला आमचा सल्ला नेमका हाच आहे: खणायचं काय ते ठरवून, तारीख घालून मुदत घ्या. मुदतीशिवाय ‘देव बघेल’ म्हणत कर्ज वाढवत राहणं म्हणजे मंदिराच्या टोकावरून उडी टाकण्यासारखं आहे, आणि त्या मोहाला येशूने उत्तर दिलं, ‘देवाची परीक्षा पाहू नकोस’ (मत्तय ४).

बीज अर्पणाबद्दल स्पष्टच सांगतो: देऊ नका. ते २५,००० तुमचे नाहीतच, ते सोनं गहाण ठेवून आलेले किंवा दिरांचे आहेत. देवाला अर्पण केलं असं सांगून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्यांवर येशू रागावला होता (मार्क ७). दान जरूर द्यावं, पण ते उरलेल्या मिळकतीतून. विक्रीतून नाही आणि कर्जातून तर नाहीच. रक्कम घालून परताव्याची हमी देणारा माणूस प्रार्थना गटातला असला तरी त्याला नम्रपणे नाही म्हणायचं. रविवारपर्यंत अमुक इतक्या केकच्या ऑर्डरी आल्या तर देवाची इच्छा, अशा अटीही घालू नका. दोन चांगल्या ऑर्डरी आल्या की माणूस सहा महिन्यांचा तोटा विसरतो.

आता आकडे. तुम्ही दिलेला खर्च असा: मैदा, यीस्ट, साखर, फॅट, अंडी धरून कच्चा माल २,०५,०००, पॅकिंग ९,०००, इंधन आणि लाइट ४१,०००, तिघांचे पगार ५१,०००, टेम्पो १५,०००, दुरुस्ती आणि किरकोळ ८,०००. बेरीज ३,२९,०००. उरतात ३१,०००. त्यातून हप्ता २२,५०० गेला की ८,५०० राहतात आणि घरखर्चाला गल्ल्यातून २८,००० निघतात. म्हणजे १९,५०० ची तूट, असं तुम्ही लिहिलंय. पण सोन्याच्या कर्जाचं व्याज यात धरलेलं नाही. ते वर्षाअखेर एकरकमी भरायचं असतं, म्हणून महिन्याच्या हिशेबात कोणी घेत नाही आणि नूतनीकरणाच्या दिवशी धावपळ होते. वर्षाला १२ टक्के दर धरला तर ते महिना ३,५०० होतं. खरी तूट २३,०००. ही दर महिन्याला कुठूनतरी भरली जातेय, आणि म्हणूनच सोनं गेलं.

धंदा बुडू नये म्हणून सगळा खर्च जाऊन ३१,००० ऐवजी ५४,००० उरायला हवेत: हप्ता, व्याज आणि घरखर्च मिळून. बँकेने कर्जाची मुदत पाच वर्षांवर नेली तर हप्ता १४,००० च्या आसपास येईल आणि हा आकडा ४६,००० पर्यंत उतरेल. एकूण व्याज वाढेल, तरी सध्या ते परवडेल.

याच्या शेजारी दुसरा आकडा लिहा, जो बहुतेक घरांत कोणीच लिहीत नाही: आज बंद केलं तर काय? गाळ्याला तुमच्या रस्त्यावर १८,००० भाडं येईल आणि मिस्टरांना कारागीर म्हणून २२,००० मिळतील, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ४०,०००. भट्टी, मिक्सर, ट्रे, रॅक मिळून ३ लाख आले तर बँकेचं कर्ज ३,४०,००० वर येईल आणि मुदत न वाढवता, सध्याच्याच मुदतीत, हप्ता १२,००० च्या जवळ. मग गरज ४३,५०० ची. उरलेले साडेतीन हजार तुम्ही घरून केलेल्या केकच्या ऑर्डरींतून निघू शकतात. बंद करणं म्हणजे रस्त्यावर येणं नाही, हे मिस्टरांना या आकड्यांवरून दाखवा. आणि पहाटे तीनला उठून दोघांनी राबून आज जे ३१,००० उरतात, ते गाळ्याचं भाडं आणि एका माणसाचा पगार यांच्या बेरजेपेक्षा कमी आहेत, हेही दाखवा.

मग लगेच बंदच का करू नये? कारण तुमच्या पत्रातच गळतीच्या जागा दिसतात, आणि त्या बुजवायला नवं कर्ज लागत नाही.

सर्वात मोठी पावाच्या वजनात आहे. ५० किलोच्या पोत्याला तुमच्याकडे १,६०० पाव निघतात. ५० किलो मैदा, २८ लिटर पाणी आणि यीस्ट, साखर, मीठ, फॅट मिळून २ किलो, असं ८० किलो पीठ तयार होतं. गोळा ४५ ग्रॅमचा धरला तर टेबलाला लागणारं, सांडणारं वजा जाऊन १,७४० च्या आसपास पाव निघायला हवेत. १,६०० निघतात, याचा अर्थ गोळा ४९ ग्रॅमच्या घरात जातोय. हाताने तोडताना पहाटे बरोबर असतो, घाई झाली की वाढतो. रोज ३,४०० पावांना हा फरक महिन्याला ५ पोत्यांचा होतो. यीस्ट-फॅटसकट पोत्याला २,१५० पडत असतील तर सुमारे ११,००० रुपये. उपाय साधा आहे: टेबलावर डिजिटल काटा, आणि दर ट्रेमागे कोणतेही १० गोळे एकत्र तोलायचे, ४५० ग्रॅम भरले पाहिजेत. ते काम कामगारावर न सोपवता पहिले पंधरा दिवस मिस्टरांनी स्वतः करावं. आणि गिऱ्हाइकाला आज जो पाव मिळतो तो ४९ ग्रॅमच्या गोळ्याचा आहे, हे लक्षात ठेवा. एका रात्रीत ४५ वर आणला तर दुकानदार बोलतील. दोन आठवड्यांत हळूहळू उतरवा.

दुसरी गळती परतीच्या मालाची. रोज २७० पाव परत येतात. त्यांचा तोटा २ रुपये ४० पैशांच्या विक्रीच्या भावाने धरू नका. ते विकले जाणारच नव्हते. वाया गेला तो कच्चा माल, पावामागे सव्वा ते दीड रुपया. परत येणारा माल निम्म्यावर आणला तर महिन्याला ५,००० वाचतात. प्रत्येक दुकानासमोर सात दिवस ‘दिले, परत आले’ असे दोन रकाने लिहा. दोन-तीन दुकानंच बहुतेक परती देत असतात, कारण त्यांना फुकटचं शेल्फ भरायला आवडतं. त्यांचा माल कमी करा किंवा परतीची मर्यादा ठरवा. बाहेरून परत आलेला पाव टोस्टला वापरू नका. तो कुठे आणि कसा ठेवला होता हे आपल्याला माहीत नसतं. तो गुरांना द्या.

तिसरी, इंधन. दिवसातून तीनदा भट्टी तापवता, त्यातली एक खेप अर्धी रिकामी असते. उष्णता चढलेली असताना पाव, उतरताना खारी आणि नानकटाई, शेवटी टोस्ट, असा क्रम लावून दोन खेपांत बसतंय का पाहा. ४,००० ते ५,००० वाचावेत, पण अंदाजावर राहू नका. इंधन रोज मोजून वहीत लिहा. आणि चौथी जागा भाव. पावाला १० पैसे वाढवले तर महिन्याला ९,४०० येतात. सगळी दुकानं मानणार नाहीत. वजन कमी करणं आणि भाव वाढवणं एकाच महिन्यात करू नका, नाहीतर गिऱ्हाईक तुटेल.

चारही जमलं तर ३१,००० चे ६१,००० होतात. भाव वाढला नाही तर ५१,००० च्या आसपास. म्हणजे शक्यता आहे, पण ढिलाईला जागा नाही.

मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून इस्टरपर्यंत घ्या. नाताळपर्यंतची घेऊ नका. डिसेंबरमध्ये केक, नानकटाई, लग्नांच्या ऑर्डरी यांनी गल्ला भरतो आणि प्रत्येक बेकरीवाल्याला वाटतं, दिवस पालटले. इस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं नसतात, केकच्या ऑर्डरी थंडावतात; खरी परीक्षा तिथे. नाताळच्या केकचा नफा वेगळ्या खात्यात ठेवा आणि मासिक हिशेबात मिसळू नका. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या तीन महिन्यांत खर्च जाऊन उरणाऱ्या रकमेची सरासरी, बँकेने मुदत वाढवली असं धरून, ४६,००० च्या वर असेल तर चालू ठेवा. ४०,००० च्या खाली असेल तर इस्टरनंतर बंद. मधे कुठे अडकली तर फक्त तेव्हाच आणखी तीन महिने, जेव्हा तिन्ही महिने चढत गेलेले असतील.

दोन गोष्टी मात्र मुदतीच्या आधीच थांबायला लावतील. एकूण कर्ज आज १०,९०,००० आहे, त्यात एक रुपयाही वाढायची वेळ आली तर. आणि कोणत्याही महिन्यात कामगारांचा पगार ७ तारखेपर्यंत देता आला नाही तर. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी जातं, असं लिहिलंय. श्रद्धेचा विषय धंद्यात कुठे येतो असं विचाराल, तर आमच्या मते सगळ्यात आधी इथे.

म्हणूनच १,४०,००० ची उधारी वसूल होईल तशी घरखर्चाला न वापरता वेगळी ठेवा. बंद करायची वेळ आली तर कामगारांना एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. तुमच्याकडे नऊ, चार आणि दोन वर्षं झालेले तिघे आहेत. १७,००० पगाराने अर्ध्या महिन्याचे ८,५०० गुणिले १५, म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे. ही रक्कम हाताशी नसली की माणसं बंद करणंच टाळतात आणि तोटा वाढवतात.

६२,००० वाल्या हॉटेलला बिलांच्या तारखांसह लेखी पत्र द्या. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे हे बरं झालं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांच्या. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पत्राला उत्तर आलं नाही तर लघुउद्योगांच्या थकीत पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. नोंदणीच्या तारखेनंतर दिलेल्या मालाचीच बिलं त्यात धरा. बहुतेकदा पत्रातच काम होतं. पत्र जाईल त्या दिवसापासून त्या हॉटेलला रोखीनेच माल.

बँकेत हप्ता चुकायच्या आधी जा, नंतर नाही. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादित (एनपीए, म्हणजे थकीत कर्ज) ठरतं आणि मग शाखेच्या हातात फारसं राहत नाही. अडचणीतल्या लघुउद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ साली चौकट आखून दिली आहे. तिच्यात कर्जदार स्वतःहून अर्ज करू शकतो, आणि १० लाखांपर्यंतच्या कर्जाचा उपाय शाखा व्यवस्थापकाच्या पातळीवर ठरतो. अर्ज तोंडी नको. बारा महिन्यांचं खातेउताऱ्याचं प्रिंट, उधारीची यादी, उद्यम प्रमाणपत्र आणि पुढच्या सहा महिन्यांचा आवक-जावक तक्ता जोडून द्या आणि पोच घ्या. भट्टी आणि मिक्सर बँकेकडे तारण आहेत, त्यामुळे बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती विकायची नाहीत, भंगारवाल्यालाही नाही.

दिरांना हे सगळं आजच सांगा. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी त्यांच्याकडेही जाऊ शकते. बँकेची नोटीस हातात पडल्यावर त्यांना कळलं तर पैशापेक्षा घरातलं नातं जाईल.

आता तुम्ही दोघं निर्णय कसा घ्याल? संत इग्नेशियस लोयोला यांनी निर्णय घेणाऱ्यांसाठी काही नियम घालून दिलेत, त्यातले दोन इथे फार उपयोगी आहेत. मन खचलेलं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. म्हणून हप्ता गेल्याच्या रात्री ‘बंदच करू’ किंवा मिस्सा ऐकून आल्यावर भरात ‘काही झालं तरी चालवू’ असं ठरवू नका. निर्णय फक्त ठरलेल्या तारखेला. दुसरा असा: हीच अडचण एखाद्या अनोळखी माणसाची आहे आणि तो तुमच्याकडे सल्ला मागतोय असं समजा, त्याला काय सांगाल ते लिहा, मग मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना काय केलेलं बरं वाटेल तेही लिहा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता, चालू ठेवण्याचे आणि बंद करण्याचे फायदे-तोटे मांडा. प्रार्थना आधी करा, पण काय मागायचं ते बदला. ‘बेकरी वाचव’ ऐवजी ‘दोन्हींपैकी जे बरं ते दिसू दे, आणि ते करायचं बळ दे’. मिस्टरांना हे जड जाईल. त्यांची अकरा वर्षं त्या भट्टीपुढे गेलीत, तेव्हा घाई करू नका, पण तारीख मात्र पुढे ढकलू नका.

फादरांकडे दोघं मिळून जा. हिशेब बरोबर की चूक हे त्यांना विचारू नका, ते त्यांचं काम नाही. बंद करणं पाप आहे का, ही मिस्टरांच्या मनातली भीती त्यांच्यासमोर मोकळी करा, आणि धर्मग्रामातला एखादा विश्वासू हिशेबनीस सुचवायला सांगा, जो दर महिन्याच्या ५ तारखेला तुमची वही तपासेल. चर्चच्या ओळखीतल्या कोणाकडून हातउसने मात्र घेऊ नका. दर रविवारी त्याच बाकावर त्यांच्यासमोर बसायचं असतं.

२ राजे, चौथ्या अध्यायात कर्जबाजारी विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. सावकार तिची दोन मुलं गुलाम म्हणून न्यायला आलेला असतो. अलीशा आधी विचारतो, घरात काय आहे? तेल वाढल्यावर तो सांगतो, ते विक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू आणि तुझी मुलं जगा. चमत्कारानंतरही क्रम तोच राहतो: आधी देणं, मग आपण. तुमच्या घरात गाळा आहे, मिस्टरांच्या हातात कसब आहे, तुमच्या केकला गिऱ्हाईक आहे. हे तिन्ही बेकरी चालली तरी आणि मिटली तरी तुमच्याकडे राहतात. दागिने मात्र मुदतीच्या आधी सोडवायच्या मागे लागू नका. व्याज भरून नूतनीकरणाची तारीख सांभाळा, ती चुकली तर लिलाव होऊ शकतो.

इस्टरनंतर बंद करायचं ठरलंच, तर क्रम असा ठेवा. आधी कामगारांना सांगा, मग दीर आणि बँकेला, मग दुकानांना पंधरा दिवसांची सूचना. मैद्याची शेवटची खरेदी थांबवा, राहिलेला माल संपवा. बँकेच्या संमतीने मशीन विका आणि पैसे थेट कर्जखात्यात भरा. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द करण्याचा अर्ज आणि नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र, नाहीतर दंड चालू राहतो. बेकरीचा अन्न परवाना परत करा, पण घरून केक करणार असाल तर त्याची छोटी नोंदणी आधी काढून ठेवा. विक्री वर्षाला १२ लाखांच्या आत असेल तर ती पुरते. वीजजोडणीचा भार कमी करायचा अर्ज भाडेकरू येण्यापूर्वी द्या आणि अनामत रकमेची पावती शोधून ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा: काटा आणा, दुकानवार दोन रकान्यांची वही सुरू करा, हॉटेलला पत्र द्या आणि दिरांना घरी बोलवा.